वसईचा विजय आणि त्याचे मोल



नाशिकला गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देवालय आहे. त्याच्या तटावर एक मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर १७२१ हे साल आहे. भीमाशंकरच्या देवळासमोर अशीच एक घंटा आहे. तिच्यावर १७२९ साल आहे. वाईजवळ मेणवलीला, कृष्णेच्या घाटावर, तिसरी. या घंटांची घडण आपल्याकडील नाही. त्या ओतल्या गेल्या ख्रिस्ती प्रार्थनामंदिरांसाठी, आणि इकडे आल्या त्या वसईच्या मोहिमेतील विजयचिन्हे म्हणून. वाटाड्या यात्रेकरूंना हे अभिमानाने सांगतो, यात्रेकरू कौतुकाने ऐकतात, आणि पुढे दर्शनाला जातात.

मला आज या घंटांविषयी नव्हे, तर त्या आणण्यासाठी जे मोजावे लागले त्याविषयी बोलायचे आहे. वसई घेतली ती चिमाजी अप्पांनी, १७३९ च्या मे महिन्यात, हे शाळेतल्या मुलालाही ठाऊक असते. तिच्यासाठी किती माणसे पडली, ती कोण होती, आणि त्यांच्या मागे काय उरले, हे मात्र मोठ्या माणसांनाही सहसा सांगता येत नाही. पानिपताचे तसे नाही. पानिपत म्हटले की आपल्याला प्रथम आठवतात ते मेलेले. पराभवातील मृतांचा आपण शोक करतो. विजयातील मृतांना मात्र तो विजयच झाकून टाकतो. वसईच्या बाबतीत नेमके हेच घडले आहे.

प्रथम हे स्थळ डोळ्यांपुढे आणले पाहिजे, कारण येथील संहाराचे अर्धे कारण या स्थळातच आहे. मुंबईच्या उत्तरेस साष्टी हे मोठे बेट. ठाण्याची खाडी त्याला पूर्वेकडील भूमीपासून वेगळे करते, आणि उत्तरेला वसईची खाडी. ही खाडी ओलांडली की वसई. तीही जुन्या काळी एक बेटच होती. सोपाऱ्याच्या बाजूच्या खाडीने ती मुख्य भूमीपासून तोडलेली होती. आज भराव, पूल आणि आगगाडी यांमुळे हे बेटपण ओळखू येत नाही. या बेटाच्या दक्षिण टोकाला, खाडीच्या मुखाशी, पोर्तुगीजांनी आपले तटबंद शहर वसविले. त्याला बहुतेक बाजूंनी पाणी आणि दलदल. ज्याला पायी चालून जायचे त्याला उत्तरेकडून, उघड्या वाळूवरून जाण्यावाचून गत्यंतर नव्हते. आणि त्याच बाजूस तटाचे भक्कम बुरूज तोफा रोखून उभे होते.

बेटावरील लढाई ही मोकळ्या मैदानातील लढाईहून निराळी असते. मैदानात हरणाऱ्याला पळायला वाट असते, जिंकणाऱ्याला वळसा घालायला जागा असते. बेटावर दोन्ही नसतात. हल्ला करणाऱ्याने कोठून यायचे हे आधीच ठरलेले असते, आणि बचाव करणाऱ्याच्या पाठीशी समुद्र असतो. म्हणून अशा लढाया लहानशा जागेत, थोड्या दिवसांत, फार माणसे खातात. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ च्या नोव्हेंबरात, पॅसिफिक महासागरातील तरावा येथे दोनअडीच मैल लांबीच्या एका बेटासाठी तीन दिवस झुंज झाली. अमेरिकेचे सुमारे एक हजार सैनिक मेले. समोर सुमारे ४,७०० माणसे होती; त्यांपैकी जिवंत हाती लागले ते १७ जपानी सैनिक आणि १२९ कोरियन मजूर. हे मजूर खंदक खणण्यासाठी आणलेले होते. युद्ध त्यांचे नव्हते. पण बेट सोडून जायला वाट नसल्यामुळे त्यांचे शेकडो सोबती तेथेच संपले. तोफा आणि विमाने बदलली, तरी वसईचे गणित याहून फारसे निराळे नव्हते.

आता ही लढाई का झाली ते पाहू. १५३४ साली गुजरातच्या बहादुरशहाने तहाने वसई पोर्तुगीजांना दिली. त्यानंतर दोनशे वर्षे वसई ही त्यांच्या उत्तरेकडील प्रांताची राजधानी होती. या काळात तेथे सुंदर इमारती उठल्या, बागायत वाढली, जहाजे बांधली गेली. परंतु याच राज्यात हिंदूंना आपले सण आणि संस्कार उघडपणे करण्याची बंदी होती; बाप वारलेली मुले ताब्यात घेऊन त्यांना बाप्तिस्मा देण्याचा कायदा होता; आणि गोव्यात १५६० पासून धर्मन्यायालय बसलेले होते. भिवंडीजवळच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक, मालाडचे अंताजी रघुनाथ अशा माणसांनी पुण्याला गाऱ्हाणी नेली आणि वर्षानुवर्षे खटपट केली. साष्टीच्या बखरीत ही हकीगत आली आहे. तेव्हा ही मोहीम केवळ मुलूखगिरी नव्हती. तिच्यामागे खरीखुरी दुःखे होती, हे प्रारंभीच मान्य केले पाहिजे. तिचे मोल सांगणे म्हणजे तिचे कारण नाकारणे नव्हे.

१७३७ च्या चैत्रात मराठे ठाण्याची खाडी उतरून साष्टीत शिरले. ठाण्याचा कोट पोर्तुगीज अजून बांधीतच होते. तो अपुरा असतानाच हाती आला. साष्टी बेट भराभर पडले, आणि सर्वांना वाटले की वसईही अशीच पडेल. पण वसई पडली नाही. त्याच वर्षी शिड्या लावून तटावर चढण्याचे जे प्रयत्न झाले, ते मागे फिरले. ज्याने उंच तटाला लावलेली शिडी पाहिली आहे त्याला यातील अर्थ कळेल. शिडीवर एका वेळी एकच माणूस पुढे असतो. त्याच्या डोक्यावर दगड, तेल, दारूचे गोळे पडतात. आणि तो कोसळला की खालच्यांना घेऊन कोसळतो. अशा हल्ल्यांत कोण पुढे असतो? सरदार नव्हे. सोनेनाण्याच्या बक्षिसाच्या आशेने, किंवा नुसत्या ईर्ष्येने, पहिली पायरी चढणारा कोणी शिलेदार, कोणी मावळा, कोणी पायदळातला हेटकरी.

१७३८ च्या अखेरीस पोर्तुगीजांनी ठाणे परत घेण्याचा यत्न केला. त्यांचा सेनापती पेद्रो द मेलो खाडीतून गलबते घेऊन आला आणि तोफेच्या गोळ्याने ठार झाला. आमच्या येण्याची खबर मुंबईच्या इंग्रजांनी मराठ्यांस दिली, अशी पोर्तुगीजांची तक्रार होती. पुढच्याच जानेवारीत चिमाजी अप्पा जातीने उत्तर कोकणात उतरले. माहीम घेतले, तारापूर घेतले. तारापूरच्या तटावर बाजी भिवराव रेठरेकर हा पेशव्यांचा अत्यंत जिव्हाळ्याचा सरदार गोळी लागून पडला. त्याच्या आईला पेशव्यांच्या घरातून सांत्वनाचे पत्र गेले. पुत्र गेला तरी आम्ही तुमचेच पुत्र आहोत, असा त्याचा आशय. अठराव्या शतकातील राजकारणाच्या रुक्ष कागदांत असे पत्र आढळले की वाचणारा थांबतो. पण त्याच वेळी मनात येते की हे पत्र एका आईला गेले. त्या दिवशी तारापूरच्या भिंतीखाली जे इतर पडले, त्यांच्या आयांना कोणी काय लिहिले असेल? बहुतेकींना लिहिता-वाचता येत नव्हते. गावातला दुसरा कोणी शिपाई परत आला की त्याच्या तोंडून बातमी कळावयाची. तोही न आला तर पावसाळा उलटेपर्यंत वाट पाहावयाची.

फेब्रुवारीत वसईला वेढा पडला. मल्हारराव होळकर, राणोजी शिंदे असे उत्तर हिंदुस्थानात गाजलेले सरदार आता वाळूत मोर्चे लावून बसले. समुद्राच्या अंगाने मानाजी आंग्र्यांचे आरमार होते. तटाच्या आत पोर्तुगीजांचा सेनानी मार्तिन्यु द सिल्व्हेरा होता. वेढ्यातच तो मारला गेला आणि कायतानु द सूझा परैरा याने त्याची जागा घेतली. घोडेस्वारीवर ज्यांची सारी कीर्ती, त्या सैन्याला येथे घोड्याचा काही उपयोग नव्हता. लढायचे ते फावड्याने आणि कुदळीने. मोर्चा खणावा तर वाळू ढासळते. चार हात खाली गेले की पाणी लागते. वर डोके काढले की गोळी येते. अशा स्थितीत मोर्चे हळूहळू तटापाशी नेले गेले आणि बुरुजांखाली सुरुंग खणण्यास सुरुवात झाली. सुरुंग खणणारे हे बेलदार, पाथरवट, मजूर. यांच्या हातात शस्त्र नसते आणि यांचे नाव कोणत्याही बखरीत नसते. परंतु वसई अखेर पडली ती यांच्या कुदळीने.

इकडे घाई वाढत होती. त्याच फेब्रुवारीत नादिरशहाने कर्नाळला मोगल बादशहाचा पराभव केला होता. मार्चमध्ये दिल्लीत कत्तल झाली. तो दक्षिणेकडे वळेल अशी धास्ती बाजीरावांना होती, आणि वसईत गुंतलेली फौज त्यांना हवी होती. दुसरीकडे आकाश. वैशाख सरत आला होता. एकदा मृगाचा पाऊस लागला की मोर्चे बुडणार, दारू भिजणार, खाड्या फुगणार आणि तीन महिन्यांचे खोदकाम वाहून जाणार. चिमाजी अप्पा सरदारांस म्हणाले, वसई हाती येत नसेल तर मला तोफेच्या तोंडी बांधा, निदान माझे मस्तक तरी आत जाऊन पडेल, ही आख्यायिका याच दिवसांची. ती अक्षरशः खरी असो वा नसो, त्या छावणीत माणसाच्या जिवाची किंमत किती उतरली होती याचा अंदाज तिच्यावरून येतो. सेनापतीने स्वतःचे मस्तक पणाला लावल्यावर शिपायाने आपल्या मस्तकाचा विचार करावा कसा?

मेच्या मध्यास सुरुंगांना बत्ती देण्यात आली. सान सेबास्तियांव या बुरुजाकडील तट उडाला, आणि धूळ बसण्याच्या आत मराठे खिंडाराकडे धावले. तोच मागे राहिलेला एक सुरुंग उशिरा उडाला. जे प्रथम धावले होते, म्हणजे जे सर्वांत शूर होते, ते आपल्याच दारूने मारले गेले. उरलेल्यांवर आतून बंदुका, हातगोळे आणि पेटते ओंडके यांचा वर्षाव झाला. हल्ला मागे हटला, पुन्हा गेला, पुन्हा हटला. दुसऱ्या दिवशीही तेच. अखेर बुरुजावर निशाण लागले. पोर्तुगीजांपाशी आता दारूगोळा उरला नव्हता, भिंत उरली नव्हती, आणि माणसेही फारशी उरली नव्हती. १६ मे १७३९ रोजी तह ठरला. चिमाजी अप्पांनी ब्रह्मेंद्रस्वामींना जे वृत्त लिहून पाठविले त्यात त्यांनी आपल्या लोकांबरोबर शत्रूच्याही शौर्याची नोंद केली आहे. जिंकणाऱ्याने हरलेल्याविषयी असे लिहावे, ही त्या माणसाच्या मनाची थोरवी होय.

आणि आता हिशेब. ग्रँट डफने आपल्या इतिहासात जो दिला आहे तो असा : वेढ्याच्या प्रारंभापासून पोर्तुगीजांकडील मेलेले व जखमी ८००, मराठ्यांनी आपल्याकडील म्हणून मान्य केलेली संख्या ५,००० हून अधिक. म्हणजे आतला एक पडला तेव्हा बाहेरचे सहा पडले. जिंकणाऱ्याची हानी हरणाऱ्याच्या सहापट! बेटावरच्या किल्ल्याचा हा जुना न्याय आहे.

पाच हजार हा आकडा उच्चारायला सोपा आहे. तो असा समजून घ्यावा. त्या काळच्या लहान खेड्यात शंभर-दीडशे माणसांची वस्ती धरली आणि त्यात वीस-पंचवीस कर्ते पुरुष धरले, तर दोनशे गावांतील सारे कर्ते पुरुष तीन महिन्यांत मेले किंवा जायबंदी झाले, असा त्याचा अर्थ होतो. अर्थात ते असे एकवट नव्हते. मावळात, देशावर, कोकणात ते विखुरलेले होते, म्हणून हे दुःखही विखुरले गेले आणि कोठेच नजरेत भरले नाही. जखमी हा शब्दही आपण सहज वाचतो. ज्या काळात जखम धुण्याचे शास्त्र नव्हते, त्या काळात वैशाखाच्या उन्हात, खाडीच्या काठी, मांडीत गोळी रुतलेल्या माणसाचे पुढे काय झाले असेल? घरी पोचलेल्यांपैकी कित्येकांना पुन्हा नांगर धरता आला नसेल.

राज्याला याची जाणीव मुळीच नव्हती असे मात्र म्हणता येत नाही. मराठी राज्यात बालपरवेशी नावाची एक पद्धत होती. लढाईत कामास आलेल्या माणसाची लहान मुले वाढविण्यासाठी त्यांना जमीन किंवा नेमणूक मिळे. त्या शब्दातच केवढी माया आहे! पेशवाईच्या दप्तरांतील अशा नोंदी रुक्ष असतात. अमका अमक्या ठिकाणी ठार झाला, सबब त्याच्या लेकरांस इतके देणे, एवढेच. पण विजयाच्या पत्रांतून जे गळते ते या नोंदींतून सापडते. लढाईची खरी बखर वाचायची असेल तर ती फडणिसाच्या याद्यांत वाचावी.

ही झाली जिंकणाऱ्यांची बाजू. हरलेल्यांचे काय झाले? तहाच्या अटी त्या युगाच्या मानाने उदार होत्या. फौजेने हत्यारांसह, नगारे वाजवीत, कुटुंबांना घेऊन बाहेर पडावे; नागरिकांनी आपली चीजवस्तू न्यावी; जे राहतील त्यांनी आपला धर्म निर्वेध पाळावा; तीन प्रार्थनामंदिरे त्यांच्याकडे राहावी. आठवड्याभरात, २३ मे रोजी, ते शहर रिकामे झाले. दोनशे वर्षे ज्यांच्या पिढ्या तेथे जन्मल्या आणि तेथेच पुरल्या गेल्या, ती कुटुंबे होड्यांत बसून मुंबईस गेली. लिस्बन त्यांनी कधी पाहिले नव्हते. वसई हेच त्यांचे घर होते.

मुंबईच्या इंग्रजांनी पावसाळाभर त्यांना आसरा दिला आणि खर्चासाठी महिना ४,००० रुपयेही दिले. परंतु लढाई चालू असताना मदतीसाठी केलेल्या विनवण्यांना त्यांनी जे उत्तर दिले ते व्यापाऱ्याचे होते. पितळी तोफा आणि प्रार्थनामंदिरांतील चांदीची भांडी तारण घेऊन त्यांनी १५,००० रुपयांचे कर्ज दिले होते. सप्टेंबरअखेर उरलेले सैन्य चौलहून जमिनीच्या वाटेने गोव्याला निघाले. गोवा दृष्टीच्या टप्प्यात आले असताना वाडीकर सावंतांच्या फौजेने त्यांना गाठले आणि सुमारे दोनशे माणसे मारली. वसईच्या आगीतून जे वाचले ते घराच्या उंबरठ्यावर मेले. युद्ध तहाने संपते हे राजांच्या बाबतीत खरे असेल. शिपायाच्या बाबतीत ते घरी पोचल्यावरच संपते.

आणि जे मागे राहिले ते? हा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. तटावरून लढणारे सगळे पोर्तुगालचे नव्हते. पोर्तुगीजांच्या फौजेत गोऱ्यांपेक्षा देशी ख्रिस्ती शिपाई, चाकर आणि गुलाम यांचा भरणा मोठा असे. म्हणजे खिंडाराच्या दोन्ही अंगांना याच किनाऱ्याची माणसे होती. एकाच्या आजाने बाप्तिस्मा घेतला होता, दुसऱ्याच्या आजाने नव्हता. दोघे भातशेती करीत, दोघे त्याच खाडीत जाळे टाकीत, आणि दोघांचे शिव्याशापही मराठीतच असणार. गोरे पाद्री वसईबरोबर गेले. पण ही शेतकरी-कोळी माणसे कोठे जाणार? देशी पाद्र्यांनी त्यांची उपासना चालू ठेवली. १७६० च्या सुमारास आंकेतिल द्युपेराँ हा फ्रेंच पंडित साष्टीतून गेला, तेव्हा पेशव्यांच्या राज्यात ठाण्याला हजारो ख्रिस्ती लोक उघडपणे सण साजरा करताना त्याला दिसले. अनेक मंदिरे ओसाड पडली होती, घंटा गेल्या होत्या. माणसे मात्र राहिली होती, आणि मराठी बोलत होती.

आता एक अवघड प्रश्न. पाच हजारांचे रक्त सांडून जे मिळविले, ते किती काळ टिकले? बाजीराव १७४० च्या एप्रिलमध्ये गेले. स्वतः चिमाजी अप्पा आधीच छातीच्या दुखण्याने जर्जर होते. त्याच वर्षीच्या डिसेंबरात त्यांचाही अंत झाला. वसई घेतल्यानंतर त्यांना दोन वर्षेही लाभली नाहीत. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा कोट घेतला आणि साष्टी गेली ती कायमचीच. १७८० मध्ये सेनापती गोडार्डने वसई घेतली. सालबाईच्या तहाने ती परत मिळाली. आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी, याच वसईत, चिमाजी अप्पांच्या पुतण्याचा पुत्र दुसरा बाजीराव याने इंग्रजांशी तह करून मराठ्यांचे स्वातंत्र्य गहाण टाकले. त्र्याहत्तर नव्हे, चौसष्ट वर्षेही झाली नव्हती. १७३९ साली वसईच्या मोर्चात दहा वर्षांचा एखादा पोरगा पाणक्या म्हणून असेल, तर तो हा तह ऐकायला जिवंत असू शकत होता. त्याला काय वाटले असेल?

म्हणून त्या माणसांचे मरण व्यर्थ गेले असे म्हणावे काय? मला तसे वाटत नाही. ज्या गावांत सण लपून करावे लागत तेथे ते उघड्यावर होऊ लागले, हे फळ खोटे नव्हते. पुढच्या पिढ्यांनी गमावले याचा दोष मागच्यांच्या रक्ताला देता येत नाही. परंतु विजय हा शब्द उच्चारताना त्याच्याशेजारी त्याचे मोलही उच्चारले पाहिजे, एवढेच माझे सांगणे आहे. मोल न सांगता विजयाची गोष्ट सांगितली की ऐकणाऱ्या तरुणाला युद्ध स्वस्त वाटू लागते. आपल्या मुलांना आपण चिमाजी अप्पा सांगतो. तो उशिरा उडालेला सुरुंगही सांगितला पाहिजे.

आज वसईचा किल्ला पुरातत्त्व खात्याच्या रक्षणाखाली आहे. तटावर वड-पिंपळ रुजले आहेत, छप्पर नसलेल्या मंदिरांच्या कमानींतून आकाश दिसते, आणि फरशीवर पोर्तुगीज सरदार-दरकदारांचे कोरीव मृत्युलेख अजून वाचता येतात. जवळच चिमाजी अप्पांचे स्मारक आहे. हरलेल्यांच्या थोरांना दगड मिळाला, जिंकलेल्यांच्या सेनापतीला पुतळा मिळाला. त्या पाच हजारांच्या नावाचा मात्र एकही दगड नाही. किल्ल्याच्या उत्तरेची वाळू हेच त्यांचे स्मारक, आणि तिच्यावर आता घरे आहेत.

तरी त्यांच्या युद्धाचा एक शेवट असा झाला आहे की तो सांगून मी हे भाषण पुरे करतो. २०२० साली उस्मानाबादला त्र्याण्णवावे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. त्याचे अध्यक्ष होते वसईचे एक कॅथलिक धर्मगुरू, फादर फ्रान्सिस दिब्रिटो. ज्या समाजाची घंटा आपण एकदा विजयचिन्ह म्हणून डोंगरावर नेली, त्याच समाजातील एका माणसाला मराठी भाषेने आपल्या सर्वांत मोठ्या मानाच्या आसनावर बसविले. खिंडाराच्या दोन्ही बाजूंना एकाच भाषेत ओरडत मेलेल्या त्या माणसांना हे पाहायला मिळाले असते, तर आपण एकमेकांवर का धावून गेलो होतो, हे त्यांना एकमेकांना समजावून सांगणे कदाचित जड गेले असते.

आपण कधी नाशिकला गेलात, भीमाशंकरला गेलात, मेणवलीच्या घाटावर उतरलात, तर ती घंटा जरूर पाहा. तिच्यावरील साल वाचा. आणि मग क्षणभर, तट चढता चढता पडलेल्यांसाठी आणि तट राखता राखता पडलेल्यांसाठी, दोघांसाठीही, मनात दोन हात जोडा.